रोशाच्या मुलखात लॅव्हेंडर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर लॅव्हेंडरच्या बारा काड्या खोचल्या. डबा आइस्क्रीमचा, वाळू शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली आणि काड्या माझ्याच तीन वर्षांच्या झाडाच्या. हात लॅव्हेंडरने माखलेले होते, नाकात मात्र मिरची होती. नंदुरबारला राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. दिवाळीच्या सुमाराला बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती मिरची उन्हात पसरली जाते आणि वारा तिकडून फिरला की सगळ्या गावाला एकदम ठसका लागतो. म्हणजे पाहुण्यांना लागतो. आम्ही त्यावरून थंडी पडायला लागली हे ओळखतो.

शेजारच्या आजी कठड्यावरून डोकावल्या. "हाई काय शे, ताई?"

मी एक पान चुरगाळून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी वास घेतला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पावडरना वास येस."

अगदी बरोबर. आमच्या पिढीपर्यंत लॅव्हेंडर म्हणजे यार्डलीचा डबा. लग्नाच्या रुखवतात, आत्याच्या कपाटात किंवा आखातातून आलेल्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेत तो दिसायचा. पुढे फरशी पुसायच्या द्रवावर, उदबत्तीच्या पुड्यावर आणि गाडीत टांगायच्या पुठ्ठ्यावर त्या जांभळ्या फुलाचं चित्र आलं. झाड मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे झाड आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो एक रंग होता.

हा लेख त्या झाडाबद्दल आहे, पण सरळ रेषेत जाणार नाही, हे आधीच सांगते. मी लॅव्हेंडरच्या मागे लागले आणि वाटेत आमच्याच जिल्ह्याचा एक विसरलेला वास हाती लागला.

०

आधी माझी फजिती.

पहिल्या वर्षी मी बी मागवलं. पाकिटावर जांभळं शेत, मागे डोंगर. लॅव्हेंडरचं बी हट्टी असतं. त्याला आधी थंडी सोसावी लागते, म्हणून लोक ते ओल्या कागदात गुंडाळून काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवतात. मीही कोथिंबिरीच्या शेजारी ठेवलं. सासूबाईंनी एकदा ते कचरा समजून टाकलं, मी ते परत उचललं. चाळीसेक बियांतून तीन रोपं वर आली आणि तिन्ही मार्चअखेर आडवी झाली. बियांपासून आलेली रोपं एकमेकांसारखी निघतीलच असंही नसतं. एखादं बुटकं, एखादं उंच, एखाद्याला वासच बेताचा. आणि तेलासाठी जगभर जे संकरित लॅव्हेंडर मोठ्या प्रमाणावर लावतात, लॅव्हेंडिन, त्याला तर बीच धरत नाही. ते पिढ्यान् पिढ्या फक्त काडीवर चालत आलं आहे.

दुसऱ्या वर्षी मी तयार रोप विकत घेतलं. कुठून ते सांगत नाही. विकणाऱ्याने कुंडीला चिठ्ठी लावली होती, चिठ्ठीवर नाव होतं आणि झाडाला निळे तुरे होते. घरी आणून पान चुरगाळलं तर ओल्या पालापाचोळ्याचा वास. ते साल्व्हिया निघालं. दोन्ही तुळशीच्याच कुळातली, तुरेही लांबून सारखे, त्यामुळे अशी गफलत मुद्दाम वा नकळत सर्रास होते. म्हणून वाचकांना पहिली सूचना: फूल बघून लॅव्हेंडर घेऊ नका, पान चुरगाळून घ्या. पानाला वास नसेल तर दुकानदार काय म्हणतो याला अर्थ नाही. पान पाहतानाही जरा बारकाईने पाहा. कडेला बारीक दाते असतील तर ते दंतुर लॅव्हेंडर. त्याचा वास कापराकडे झुकतो, पण ते आपल्या उष्म्यात बरंच तग धरतं. पान अरुंद, राखाडी आणि बिनदात्याचं असेल तर ते 'इंग्लिश' म्हणवणारं. ते मूळचं इंग्लंडचं नाही, भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतलं आहे, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त रुसतं.

तिसऱ्या वर्षी नाशिकच्या मावसबहिणीने तिच्या दंतुर झाडाच्या पाच काड्या ओल्या रुमालात गुंडाळून दिल्या. रेल्वेने आल्या. एक जगली. तीच आजची आई.

०

काडीपासून झाड करणं याला शेतकीच्या पुस्तकात फाटे कलम म्हणतात. गुटी कलम, दाब कलम, डोळा भरणं ही त्याचीच भावंडं. घराघरांत याला काहीच म्हणत नाहीत, नुसतं 'काडी लावली' म्हणतात. जास्वंद, मोगरा, गुलाब, शेवगा, पानओवा ही सगळी मंडळी याच वाटेने एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेली. मागून आणलेली लागत नाही, गुपचूप तोडून आणलेली हमखास लागते, अशीही एक समजूत बायकांत आहे. तिचा पडताळा मी मनीप्लांटवर घेतला आहे, लॅव्हेंडरवर अजून नाही.

आमच्या जिल्ह्यात तर ही विद्या कुणाला नव्याने शिकवायलाच नको. शहाद्याकडे उसाची लागण होते ती काय असते? दोन डोळ्यांची टिपरी तोडायची, सरीत आडवी ठेवायची, मातीआड करायची. ऊस दरवर्षी बियांतून उगवला असता तर साखर कारखान्याचं गणितच बसलं नसतं. तापीकाठच्या केळीलाही बी नाही, तिचे मुनवे लावतात. म्हणजे इथला शेतकरी रोज कलमांच्या रानात वावरतो, फक्त कुंडीतली काडी त्याला बायकांचा खेळ वाटते.

काडीत नेमकं काय घडतं? झाडाच्या शेंड्याकडे ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते खालच्या दिशेने उतरत जातं. फांदी तोडली की त्याला खाली जायला वाट राहत नाही, ते कापलेल्या टोकाशी साठतं. तिथल्या पेशी आधी जखम बुजवायला गाठीसारखा लगदा करतात आणि मग त्यांतल्या काही आपलं आधीचं काम सोडून मुळं होतात. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२०च्या दशकात ओटाच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून हे द्रव्य पकडलं आणि पुढच्या दशकात त्याचा कृत्रिम भाऊ, आयबीए, मुळं फोडायला वापरात आला. आज खताच्या दुकानात मिळणाऱ्या मुळं फुटायच्या पावडरीत तोच असतो. ऑक्सिन वरून खाली वाहतं म्हणूनच काडी उलटी खोचली तर बहुतेक वेळा काही होत नाही. मी बारातली एक उलटी खोचली होती, कुतूहलाने. तिचं पुढे सांगते.

पेशींना ही कसरत जमेपर्यंत काडी मुळांविना जगायला हवी, खरी गोम तिथे आहे. पानांतून पाणी उडत राहतं आणि खालून पुरवठा बंद. म्हणून पुस्तकं सांगतात, वर प्लास्टिकची पिशवी घाला. ही पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली असतात. नंदुरबारच्या ऑक्टोबरात मी तसं केलं तेव्हा पिशवीच्या आत तिसऱ्या दिवशी काड्यांचा लगदा झाला. लॅव्हेंडरची पानं लवदार असतात, ती लव उन्हात पाणी वाचवण्यासाठी असते. त्या लवेवर ओल धरली की बुरशीला आमंत्रण. जे झाड दुष्काळाची तयारी करून आलेलं आहे त्याला आपण कौतुकाने वाफारा देतो, आणि ते मरतं.

तर आता माझी रीत, इथल्या हवेसाठी, तीन वर्षं ठेचा खाऊन ठरलेली.

ऑक्टोबर हीट ओसरेपर्यंत कात्री हातात घ्यायची नाही. दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या की वेळ झाली, आणि संक्रांत झाली की वेळ संपली. त्यानंतर लावलेल्या काडीला मुळं फुटतात, पण ती मुठीएवढी व्हायच्या आत होळी येते. फुलावर आलेली फांदी घ्यायची नाही, तिचा सगळा जीव तुऱ्यात असतो. ह्याच वर्षीची, शेंड्याला हिरवी आणि बुडाशी नुकती कडक होऊ लागलेली फांदी निवडायची. बोटाने वाकवली तर वाकावी, पण लोळू नये. चार बोटं लांब, पेराच्या जरा खाली, स्वच्छ पात्याने कापायची. नुसत्या हाताने ओरबाडून, बुडाला जुन्या सालीची टाच ठेवून घेतलेली काडीही लागते, माझा तर अनुभव असा की ती जास्त लागते. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून टाकायची. पावडर असेल तर बुड तिच्यात टेकवायचं आणि जास्तीची झटकायची, लावली तितकी चांगली असं नाही. कोरफडीचा गर आणि दालचिनीची पूड यांची शिफारस फार होते. दालचिनीने बुरशी थोडी आवरते. कोरफडीने माझ्याकडे काही फरक पडला नाही, पण हाताची आग थांबते.

माती अजिबात नको. विशेषतः आपली काळी माती, जी कापसाला आई आणि लॅव्हेंडरला सासू. पाणी धरून बसते, उन्हात तडकते, तडकताना नवी मुळं तोडते. कोकोपीटचा बोलबाला आहे, पण नुसतं कोकोपीटही फार वेळ ओलं राहतं. मी तीन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट घेते. वाळू चाळून, दोनदा धुऊन, एक दिवस गच्चीवर तापवून. पाणी वरून नाही, डब्याला भोकं पाडून खालून परातीत. ऊन सकाळचं, नऊपर्यंत, मग सावली. पिशवी घातलीच तर फक्त रात्री. आणि ओढून पाहायचं नाही. मुळं फुटली का म्हणून दर चार दिवसांनी काडी उपटून पाहणाऱ्यांच्या काड्या कधीच लागत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगते. तीन ते सहा आठवडे लागतात. शेंड्याला नवं, फिकट पान दिसलं की समजायचं.

पुढचा प्रश्न मे महिन्याचा आहे असं सगळ्यांना वाटतं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा झाड होरपळेल ही भीती. होरपळतंही, पण हिरव्या जाळीखाली आणि मातीच्या कुंडीत ते बहुधा निभावून नेतं. लॅव्हेंडर मरतं जूनमध्ये. कोरडी उष्णता त्याने जन्मापासून पाहिलेली असते, ओली उष्णता पाहिलेली नसते. पहिल्या पावसाने सगळं गाव मोकळा श्वास घेतं तेव्हा याची मुळं कुजायला लागतात. म्हणून मृगाच्या आधी कुंडी पत्र्याखाली. मातीत चुनखडीचे खडे आणि विटेचा चुरा. तरीही दोनतीन वर्षांपलीकडे माझ्या गच्चीवर एकही झाड गेलेलं नाही, आणि जाईल अशी आशा मी सोडली आहे. नंदुरबारात लॅव्हेंडरचं झाड टिकवता येत नाही. दर दिवाळीला काड्या लावत राहिलं तर लॅव्हेंडर टिकतं. म्हातारं झाड गेलं तरी बिघडत नाही, कारण कोवळं झाड तेच असतं. ती त्याची मुलगीसुद्धा नव्हे. ते स्वतःच पुन्हा एकदा.

०

इथवर वाचून कुणी म्हणेल, परक्या झाडाचे एवढे लाड कशाला? रास्त प्रश्न आहे. पण लॅव्हेंडर हे कुळ महाराष्ट्राला पूर्ण परकं नाही, हे मलाही उशिरा कळलं. लॅव्हेंडरच्या दोन जाती आपल्याकडे रानात आपोआप उगवतात. एक घोडेघुई, शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला बायपिनाटा. पावसाळा संपताना दख्खनच्या माळांवर दिसते. पिसासारखी चिरलेली पानं, टोकाशी फिकट निळसर-पांढऱ्या फुलांचा फाटका तुरा. दुसरी लॅव्हेंड्युला गिब्सोनी, ती आपल्या घाटांखेरीज जगात फारशी कुठे नाही.

हिचं नाव ज्या अलेक्झांडर गिब्सनवरून आहे तो १८३८पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता आणि १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. तिला नाव दिलं जॉन ग्रॅहमने, आणि हा गृहस्थ पोटापाण्याला टपाल खात्यात मोठा अधिकारी होता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ साली छापली गेली आणि त्याच वर्षी, ती पुरती हातावेगळी व्हायच्या आत, तो खंडाळ्याला वारला. उरलेलं काम मित्राने पुरं केलं. पत्रांच्या थैल्या सांभाळणाऱ्या माणसाने आपल्या घाटातल्या लॅव्हेंडरला नाव दिलं, हे मला फार आवडतं.

या रानलॅव्हेंडरांना यार्डलीचा वास येत नाही, हेही सांगायला हवं. भूमध्य समुद्राकाठच्या बहिणीचा वास मुख्यतः लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट या दोन द्रव्यांचा. त्यांतलं लिनॅलूल हवं असेल तर स्वयंपाकघरात जा. धन्याच्या तेलात निम्म्याहून अधिक तेच असतं. गोड्या मसाल्यासाठी धने भाजायच्या आधी नुसते कुटून नाकाशी धरा. मी आजींना धरायला लावले. त्यांनी मान हलवली, पण पटल्याचं काही दिसलं नाही. युनानी औषधं विकणाऱ्या पंसाऱ्याकडे 'उस्तुखुद्दूस' मागितलं तर सुकलेली जांभळट कणसं मिळतात. तीही लॅव्हेंडरचीच एक जात, हकीम ती शतकानुशतकं डोक्याच्या तक्रारींवर देत आले आहेत.

०

आणि आता त्या विसरलेल्या वासाबद्दल.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर आहे, १८८० सालचा. लॅव्हेंडरचं काही मिळेल का म्हणून सुगंधी तेलांबद्दल शोधत गेले आणि रोशापाशी थांबले. रोशा म्हणजे रोहिष, एक रानगवत. गवती चहाचा सख्खा भाऊ, उंच, कणीस पिकलं की तांबूस. चोळलं तर गुलाबाचा वास येतो, आणि ती नाकाची फसवणूक नाही. गुलाबात असणारं जिरॅनिऑल नावाचं द्रव्य रोशाच्या तेलात तीन चतुर्थांशांहून अधिक भरतं. घरी त्याला रोशेल तेल म्हणत आणि गुडघ्यांना चोळत. पण बाजारात त्याची किंमत गुडघ्यांमुळे नव्हती.

गॅझेटियर सांगतं त्याप्रमाणे हे गवत पश्चिम खानदेशाच्या डोंगरउतारांवर, विशेषतः अक्राणीत, उगवत होतं. आज जो अक्राणी तालुका आहे, धडगावचा, तोच. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या सुमाराला, भिल्ल लोक गवत कापून आणत आणि मुसलमान भट्टीवाले ते विकत घेत. ओढ्याच्या काठाला, जिथे पाणी वाहतं आणि लाकूड जवळ आहे अशा जागी, चर खणून चूल मांडायची. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई. तिच्यात पाणी आणि काठोकाठ चिरलेलं गवत. वर झाकण, आणि झाकणाच्या फटी कणकेने लिंपलेल्या. झाकणातून बांबूची नळी, तिच्यावर कापड, कापडावर उडदाच्या पिठाचा लेप, वरून दोरी. नळीचं दुसरं टोक मानेपर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. गवताची वाफ तिथे थंड होऊन पाणी होई आणि तेल वर तरंगे, ते निथळून घ्यायचं.

या वर्णनातलं उडदाचं पीठ मला सोडवत नाही. आज तेल काढायच्या यंत्राला रबराची चकती लागते. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी सगळं घरातल्या डब्यांतून निघत होतं, कणीक आणि उडीद. जगाच्या बाजारात जाणाऱ्या तेलाची गळती आमच्या भाकरीच्या सोबत्याने थांबवली होती.

सुमारे पावणेचारशे पेंढ्यांमागे एक शेर तेल निघे, त्याचे सहा ते आठ रुपये येत. १८७९-८० साली अशा १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांनी ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या हिशेबात ३,६०० किलोच्या आसपास तेल काढलं. ते कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, किंवा धुळे-मनमाडवरून मुंबईला. कोंडाईबारीतून आज रात्री ट्रकच्या रांगा जातात. त्या वळणांवर कधी काळी गुलाबाचा वास दरवळत गेला असेल हे ट्रकवाल्याला सांगून पाहा.

मुंबईहून तेल तांबड्या समुद्रातून तुर्कस्तानात पोचे. तिथे त्याला लिंबाच्या रसात घोळवून उन्हात ठेवत, म्हणजे त्याचा रांगडेपणा उतरे, आणि मग बल्गेरियाच्या गुलाबबागांत पाकळ्या भट्टीत घालण्याआधी त्यांच्यावर ते शिंपडत. युरोपच्या बाजारात ते गुलाबाचं अत्तर म्हणून विकलं जाई. भेसळच ती, दुसरा शब्द नाही. पण त्या काळच्या पॅरिसच्या एखाद्या बाईने रुमालावर लावलेल्या गुलाबाच्या थेंबात थोडं अक्राणीचं गवत असण्याची शक्यता बरीच होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं, अक्राणीलाही नव्हतं.

खानदेशातले भट्टीवाले तेल दोन प्रकारचं मानत. कोवळ्या, निळसर पांढऱ्या कणसाचं मोतिया आणि पिकून लाल झालेल्या कणसाचं सोफिया. मोतिया नाजूक, सोफिया तिखट. युरोपात एकट्या सोफियाला भाव येत नसे, म्हणून दोन्ही मिसळत. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरवलं की ही एकाच गवताची दोन वयं नसून दोन वेगळे प्रकार आहेत. आजही शास्त्रीय नावापुढे मोतिया आणि सोफिया हेच शब्द लागतात. त्या नावातला 'मार्टिनी' हा लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याने या गवताचं बी गोळा करून लखनौला नेऊन पेरलं होतं. सुगंधी वनस्पतींवर काम करणारी देशातली मोठी सरकारी संस्था, सीमॅप, लखनौलाच आहे. योगायोगच, पण वासाच्या गोष्टी अशाच एकमेकींत गुंततात.

या सगळ्यात गॅझेटियर एक गोष्ट जाता जाता सांगून जातं. धंद्याचं मूळ ठिकाण पिंपळनेर होतं. तिथलं गवत या धंद्यात फार नासलं, म्हणून तो नंदुरबार, शहादा आणि तळोद्याकडे सरकला. तेल आणखी निघालं असतं, पण गवत पुरत नव्हतं. गॅझेटियरात कापणारे आहेत, विकत घेणारे आहेत, भट्टी लावणारे आहेत, वाहून नेणारे आहेत. लावणारा कुणीही नाही. रोशाचं बी पेरता येतं, ठोंब फोडून गवती चहासारखे लावता येतात, यात अवघड काही नाही. पण डोंगर देतोय तोवर कोण लावतो?

०

लॅव्हेंडरची आज देशभर चर्चा आहे ती जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहमुळे. मका पिकवणारे तिथले शेतकरी लॅव्हेंडरकडे वळले. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने, म्हणजे सीएसआयआरच्या शाखेने, अरोमा मिशनखाली पहिल्यांदा लावणाऱ्यांना रोपं फुकट दिली. मे २०२२मध्ये तिथे लॅव्हेंडर उत्सव झाला, आणि २६ जानेवारी २०२४ला दिल्लीच्या संचलनात या 'जांभळ्या क्रांती'चा चित्ररथही निघाला. क्रांतीच्या बुडाशी आहे ती काडीच. संस्थेने निवडलेलं आरआरएल-१२ हे वाण काड्यांनीच वाढवलं जातं. भद्रवाहच्या उतारांवर या वाणाचं जे जे झाड डोलतं ते मुळात एकाच झाडाचा तुकडा आहे.

ते चित्र पाहून आमच्याकडे विचारणा सुरू झाली: तोरणमाळला होईल का? तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर, तिथे आणि अक्कलकुव्यातल्या डाबला कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. डाब परिसरातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी आणून लावली आणि पिकवली, हेही खरं. तरी माझं मत नाही असंच आहे. भद्रवाहला हिवाळ्यात बर्फ पडतं आणि झाड निवांत झोपतं. सातपुड्यात झाडाला चार महिने धो धो पावसात उभं राहावं लागतं. स्ट्रॉबेरी पाऊस संपल्यावर लावून उन्हाळ्याआधी आवरता येते, लॅव्हेंडरला शेतात वर्षानुवर्षं राहायचं असतं. चार कुंड्यांच्या अनुभवावर मी हे बोलते आहे हे खरं, पण कुणी एकरभर लावायला निघाला तर आधी चार कुंड्या पावसाळा पार करून दाखव, एवढं त्याला नक्की म्हणेन. रोपं विकणारा आणि तेल परत घेण्याचं तोंडी आश्वासन देणारा एकच माणूस असेल, तर चारही कुंड्या नकोत.

रोशा मात्र इथलाच आहे. त्याला चव्वेचाळीस अंशांची सवय आहे, पावसाची आहे, मुरमाड उताराची आहे. अश्वत्थाम्याच्या दर्शनाला दिवाळीत हजारो लोक अक्राणीतला अस्तंभा चढतात, मुक्काम करतात, रात्री मशाली आणि बॅटऱ्यांच्या उजेडात डोंगर चालतात. तो काळ नेमका रोशा पिकण्याचा. यंदा कुणी यात्रेला गेलात तर कडेच्या उंच, तांबूस कणसांच्या गवताचं एक पातं चोळून पाहा.

माझ्या बारा काड्यांचं: सात लागल्या. चार कुजल्या, त्यातल्या दोन मी उपटून पाहिल्या म्हणून. उलटी खोचलेली अकरा दिवस हिरवी राहिली आणि मग काळी पडली. सातांतल्या दोन आजींना दिल्या. एक त्यांनी तुळशीवृंदावनाच्या कडेला काळ्या मातीत लावली आहे, माझं न ऐकता, आणि हे लिहीपर्यंत ती जिवंत आहे.

आता एक विनंती. अक्राणी, तळोदा, शहादा, नवापूर किंवा पिंपळनेरच्या बाजूला ज्यांच्या माळ्यावर जुनी मोठी तांब्याची कढई पडून असेल, ज्यांच्या पणजोबांचं नाव अजून कुणी 'तेलभट्टीवाले' म्हणून घेत असेल, ज्यांच्या आजीला रोशेल तेलाचा वास आठवत असेल, त्यांनी ते लिहून ठेवावं, आणि कढई भंगारात देऊ नये. रोशाचे ठोंब कुणाकडे असतील तर दोन मला हवेत. बदल्यात लॅव्हेंडरची काडी देईन, पण दिवाळीनंतर या.